गजकर्ण, शिबे आणि चिखल्या : कारणविचार

पावसाळ्यात वर्गातील काही मुलांच्या मानेवर, कमरेवर अथवा डोक्यात गजकर्णाची कडी दिसू लागतात. रक्त बिघडले, आंबट फार खाल्ले, अशी कारणे घरोघर सांगितली जातात. त्यांत तथ्य नाही. गजकर्ण बुरशीमुळे होते. १८४१ पासूनच्या तीन-चार वर्षांत पॅरिस येथे डेव्हिड ग्रुबी याने रुग्णांचे केस व खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हे दाखवून दिले.

त्वचेचा बाहेरचा मृत थर, केस व नखे यांतील केराटिन नावाचे प्रथिन हे या बुरशीचे अन्न होय. ती मध्यापासून बाहेर पसरते व मागची जागा निवळत जाते. म्हणून कड लाल आणि मध्य स्वच्छ दिसतो. ओल व ऊब तिला मानवते. ओला करगोटा, घट्ट चड्डी, अर्धवट वाळलेला सदरा यांखाली ती फोफावते. एकाची फणी, टोपी वा पंचा दुसऱ्याने वापरला की ती पसरते; मांजराच्या पिलांपासून व वासरांपासूनही ती मुलांना लागते. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत ओल साचून चिखल्या होतात, त्यांतही पुष्कळदा बुरशीचा हात असतो.

शिब्यांची गोष्ट निराळी. त्यांची बुरशी बहुतेक सर्वांच्याच त्वचेवर नांदत असते. घाम व तेलकटपणा वाढला की ती बळावते. शिबे स्पर्शाने लागत नाहीत आणि ते कोडही नव्हे. अशा मुलाला निराळे बसविणे हा निव्वळ अन्याय होय. गजकर्णाच्या मुलालाही उपचार सुरू झाल्यावर घरी ठेवण्याचे कारण नसते.

डोक्यातील गजकर्णात बुरशी केसाच्या मुळाशी असते. तेथे नुसते मलम पुरत नाही, मुंडणही पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेले पोटातील औषध कित्येक आठवडे घ्यावे लागते. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे मात्र घातक. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते व कड्याचे रूप पालटून निदान अवघड होते. मार्च २०१८ मध्ये भारत सरकारने १४ स्टेरॉइडांची त्वचेवर लावावयाची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी गावात ती मिळतात. पालकसभेत आधी हेच सांगावे, आणि घरातील इतरांनाही खाज आहे काय ते विचारावे, कारण एकट्या मुलावर उपचार केल्यास रोग त्याच अंथरुणातून परत येतो.