लेकीचा कॉलेजचा अर्ज

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. दोन हिवाळे त्या रात्रीच्या वर्गाला आल्या. आधी आपले नाव लिहायला शिकल्या. मग एस. टी. ची पाटी वाचू लागल्या.

त्यांची लेक बारावी पास झाली. ती म्हणाली, "मला बी. ए. करायचंय. इतिहास घेऊन."

तिचे वडील म्हणाले, "मेलेल्या राजांच्या गोष्टी वाचून पोट भरतं का? त्यापरीस नर्सिंगला जा."

लेक काही बोलली नाही. तिने पत्र्याची पेटी उघडली. तीत पणज्याच्या वेळचा एक कागद आहे. अक्षर मोडी आहे. तो घरात कोणाला वाचता येत नाही. कागद पुढे धरून ती म्हणाली, "आबा, ह्यात आपल्या जमिनीचं लिवलंय का सावकाराच्या देण्याचं, कुणाला ठाव हाय?"

आबा गप्प बसले. मलाही उत्तर देता आले नाही. मी मुख्याध्यापक होतो खरा, पण मोडी मला येत नाही.

मंडळी, इतिहास म्हणजे नुसत्या राजांच्या लढाया नव्हेत. लोणावळ्याजवळ कार्ल्याची लेणी आहेत. ती सुमारे २००० वर्षांची जुनी. तिथे एका सुताराचे नाव दगडात कोरले आहे. लेण्याचे दार त्याने केले, म्हणून. राजे किती आले आणि गेले, पण त्या सुताराचे नाव आजही वाचता येते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले. लोकांच्या घरातले जुने कागद त्यांनी गोळा केले, वाचले आणि छापले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यातही ते पुढे होते. इतिहास शिकणारा हेच काम शिकतो. कागद कोणी लिहिला? कधी लिहिला? कशासाठी लिहिला? तो खरा कशावरून? मोडी मात्र बी. ए. ला सगळीकडे शिकवीत नाहीत. तिचा वर्ग वेगळा असतो. सरकारचे पुराभिलेख खातेही असे वर्ग घेते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचणारे शोधून आणावे लागले.

पोटाचेही सांगतो. इतिहासाची पदवी घेतली की नोकरी दारात येते, असे मी म्हणणार नाही. पण बी. एड. केले तर शाळेत शिकवता येते. सरकारी अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसायला पदवी लागते, ती कोणत्याही विषयाची चालते.

आता अर्जाचे. बारावी कला, वाणिज्य, शास्त्र, कोणत्याही शाखेची असो, बी. ए. ला अर्ज करता येतो. बारावीचे गुणपत्रक, कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतात. राखीव जागा हवी असेल तर जातीचा दाखला लागतो. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसीलदाराचा असतो, आणि मिळायला वेळ लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा भरायचा असतो. पुष्कळ जण इथेच चुकतात.

अर्जाआधी कॉलेजात एक गोष्ट जरूर विचारा. "इतिहास मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का?" काही लहान कॉलेजांत तो पहिल्या वर्षाला असतो, पुढे नसतो. मग पोराला मध्येच विषय नाहीतर कॉलेज बदलावे लागते.

घर सोडता येत नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली निघाले. काम करीत घरी अभ्यास करायचा आणि परीक्षा द्यायची.

लेकीचा अर्ज तालुक्याच्या गावी, कॉम्प्युटरच्या दुकानात भरला. दुकानात गर्दी होती. भरणाऱ्याने भराभर बटणे दाबली आणि छापलेला कागद हातात दिला. संध्याकाळी वहिनी तो घेऊन माझ्याकडे आल्या. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती.

"गुरुजी, माझं नाव चुकलंय."

आईच्या नावात एक काना जास्त पडला होता. स्वतःचे नाव त्यांनी वर्गात शंभर वेळा गिरवलेले. ते चुकलेले त्यांना लगेच दिसले. मी म्हणालो, "वहिनी, आता सगळा कागद वाचा." त्या अक्षराखाली बोट धरून वाचू लागल्या. पुष्कळ वेळ गेला. मग बोट थांबले.

"हितं भूगोल लिवलंय. पोरीला तर इतिहास पायजे."

मी चष्मा लावून पाहिले. खरेच भूगोल होते. तो कागद दुपारी मीही पाहिला होता, पण वरवर. अर्ज एकदा पाठवला की घरून दुरुस्त होत नाही. तेव्हा आम्ही कंदिलाशेजारी, वीज गेली होती, एक साधा अर्ज लिहिला. लेक सांगत गेली, वहिनींनी लिहिले:

"मा. प्राचार्य यांस,
विषय : प्रवेश अर्जात दुरुस्ती करण्याबाबत.
माझ्या मुलीच्या बी. ए. प्रथम वर्षाच्या अर्जात इतिहास या विषयाऐवजी भूगोल असे चुकून पडले आहे. आईचे नावही चुकले आहे. तरी दोन्ही दुरुस्त करून द्यावे, ही विनंती. सोबत अर्जाची प्रत व आधार कार्डाची प्रत जोडली आहे.
आपली विश्वासू,"

खाली पालकाची सही हवी होती. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. ते म्हणाले, "तूच कर. चूक तू धरलीस."

सकाळच्या पहिल्या गाडीने मायलेकी गेल्या. कारकुनाने अर्ज घेतला, विषय आणि नाव बदलले, नवा कागद छापून दिला. म्हणाला, "झालं. चला, पुढचे या."

वहिनी खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. मागे रांग ओरडत होती. त्यांनी नवा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि मगच बाजूला झाल्या.