हंगाम सांभाळून पदवी

प्रश्न : तारकर्लीत आमचं निवास-न्याहारी केंद्र आहे. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण सुटलं. वय ३६. ऑनलाइन पदवी घेता येईल का? ती नोकरीत चालते का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : जरूर घ्या, वयाची आडकाठी नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी यूजीसी नियमित पदवीच्या बरोबरीची मानते. मात्र पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ आणि अभ्यासक्रम, दोन्हींची मान्यता तपासा. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी या मार्गाने मिळत नाही. कुणी देऊ केली तर दूर राहा.

मराठीतून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) पाहा. इग्नूमध्ये पर्यटनाचे अभ्यासक्रम आहेत. तिथे तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, आणि तुमच्यासारखीला ही सवलत फार मोलाची आहे. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. नाताळात घर पाहुण्यांनी भरलेलं असताना पेपर देणं कठीण, म्हणून जूनमध्ये जास्त विषय ठेवा, डिसेंबरला मोजकेच. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, पाहुणे कमी. स्वाध्याय तेव्हाच लिहून काढा. वीज आणि नेटवर्क जातं, तेव्हा पुस्तकं आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा.

घरच्यांशी कामाची वाटणी आत्ताच बोलून घ्या. बहुतेकांचं शिक्षण अवघड विषयांपेक्षा इथेच अडतं. बारावीची गुणपत्रिका आणि लग्नानंतर बदललेल्या नावाचा पुरावा आजच शोधायला लागा.