सल्लागार कंपनीत नेमकं काय काम चालतं?

'अमका कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरीला आहे' असं ऐकलं की आपण मान डोलावतो. पण तिथे दिवसभर करतात काय, हे कुणी विचारत नाही. आज ते एका बाईंच्या अनुभवावरून समजून घेऊ.

बार्बरा मिंटो हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकल्या. 600 च्या तुकडीत स्त्रिया फक्त 8! 1963 मध्ये त्या मॅकिन्झी या अमेरिकन सल्लागार कंपनीत लागल्या. एमबीए झालेली स्त्री तिथे सल्लागार म्हणून घेतली जाण्याची ती पहिलीच वेळ. 1966 मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठवलं. काम काय, तर सहकाऱ्यांचे अहवाल सुधारायचे. (आपण वह्या तपासतो तसंच की!) त्यांच्या लक्षात आलं, घोळ भाषेपेक्षा विचारांच्या मांडणीत आहे. मग त्यांनी पिरॅमिडची रीत बसवली. उत्तर सगळ्यात वर, त्याखाली कारणं, कारणांखाली पुरावे. कारणांचे गट असे पाडायचे, की एक गोष्ट दोन गटांत येऊ नये आणि एकही सुटू नये.

करून बघू. शाळेचा पट घटला. का? एकतर पहिलीत मुलं कमी आली, नाहीतर वरच्या वर्गांतून मध्येच गेली. पहिलीत कमी का? गावात मुलंच कमी, किंवा दुसऱ्या शाळेत घातली. मध्येच गेलेली कुठे गेली? कुणी आईबापांबरोबर ऊसतोडीला, कुणी तालुक्याच्या शाळेत. आणखी काही सुटलं का? शोधा बरं. मग दाखलखारीज रजिस्टर उघडून प्रत्येक फांदीवर आकडा लिहा.

सल्लागाराचे दिवस यातच जातात. आकडे गोळा करायचे, माणसांना भेटायचं, रात्री बसून स्लाइड बनवायच्या. काही आठवडे किंवा महिने झाले की पुढचं गिऱ्हाईक. अनेक मोठ्या फर्ममध्ये ठरल्या मुदतीत बढती मिळाली नाही, तर नोकरीच सोडावी लागते.

मला खटकतं ते वेगळंच. समजा, अहवालात सगळ्यात वर आलं, 'ही शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिळवा.' खालची कारणं अगदी चोख. पण मधला ओढा जुलैत दुथडी भरून वाहतो, हे रजिस्टरात कुठे असतं? एप्रिलमध्ये येऊन गेलेल्या माणसाला तो कोरडाच दिसणार. पावसात सहा वर्षांची पोर घरी बसली, तेव्हा तो दुसऱ्याच कामावर गेलेला असतो.

आता तुम्ही करा. तुमच्या गावातला एक प्रश्न घेऊन पिरॅमिड काढा. शेवटी, कुणाला विचारायचं राहिलं, तेही लिहा.