डोळ्याच्या पडद्याचा फोटो

मुलांनो, आपल्या डोळ्याची बाहुली काळी दिसते. पण ते एक छिद्र असते. त्यातून उजेड आत जातो. आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर समोरच्या वस्तूचे चित्र पडते, म्हणून आपल्याला दिसते. या पडद्यावर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात.

मधुमेह म्हणजे साखरेचा आजार. तो पुष्कळ वर्षे राहिला की या रक्तवाहिन्या कमजोर होतात, फुगतात, त्यातून रक्त झिरपते. पण डोळा दुखत नाही आणि सुरुवातीला दिसतेही नीट. माझ्या आजीला साखर आहे. ती म्हणते, "मला तांदळातला खडा दिसतो, मग मी कशाला डोळे दाखवू?" बाई म्हणाल्या, दिसायचे कमी होईपर्यंत थांबले तर उशीर होतो. गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही.

१८५१ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण लोकांपुढे ठेवले. आता पडद्याचा फोटोसुद्धा निघतो. पण फोटो पाहून रोग ओळखणारे डॉक्टर गावोगावी नसतात. म्हणून हे काम संगणकाला शिकवले. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

संगणक कसा शिकतो? माझे बाबा कपाशीचे पान बघून रोग सांगतात, कारण त्यांनी खूप पाने बघितली आहेत. तसेच हे आहे. गुगलच्या शास्त्रज्ञांनी संगणकाला १ लाख २८ हजार फोटो दाखवले. कोणत्या फोटोत रोग आहे ते डॉक्टरांनी आधी ठरवले होते. हे संशोधन २०१६ साली छापून आले. त्यातले काही फोटो आपल्या भारतातले होते.

मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांतही असा प्रयोग झाला. तो २०१९ साली छापून आला. आरोग्य कर्मचाऱ्याने मोबाईलच्या कॅमेऱ्याने फोटो काढले. इंटरनेट नसतानाही मोबाईलने उत्तर दिले.

यंत्र औषध देत नाही. फोटो धूसर आला तर त्याला सांगता येत नाही. ते फक्त सांगते, डॉक्टरांकडे जा. पुढे लेसर किंवा इंजेक्शन द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

आजी अजून तयार नाही. मी रोज सांगते. तुमच्याही घरी कुणाला साखर असेल तर त्यांना सांगा, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या. चांगले दिसत असले तरी घ्या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी