मोटारसायकलचे हँडल आणि पाठीचा हिशेब

पुणतांबा म्हटले की गोदावरीचा काठ आणि चांगदेव महाराजांची समाधी डोळ्यांपुढे येते. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन निघाले, ही आख्यायिका तुम्ही ऐकलीच असेल. वाघाला हँडल नसते; त्यामुळे त्यांचा प्रश्न सोपा होता! माझ्या थोरल्या भावांचा प्रश्न मात्र अवघड होता. ते पुणतांब्याहून रोज पहाटे मोटारसायकलवर दुधाचे कॅन लादून शिर्डीला जात. परतले की करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत, कंबर धरे. "हँडल बदलावे म्हणतो, पण कोणते घेऊ?" त्यांनी मला विचारले. याचे उत्तर शोधायला शाळेत शिकलेली तरफ पुरेशी आहे.

माणूस पुढे वाकून बसतो तेव्हा त्याचे धड ही एक तरफच असते. खुबा हा तिचा टेकू. डोके, हात आणि धड मिळून शरीराचे सुमारे दोन तृतीयांश वजन भरते. माणूस ६० किलोग्रॅमचा असेल, तर हा भार ४० किलोग्रॅम झाला. या भागाचा गुरुत्वमध्य खुब्यापासून ३० सेंटिमीटरवर आहे असे समजू. धड उभ्या रेषेपासून ३० अंश कलले, तर गुरुत्वमध्य खुब्याच्या १५ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे परिबल ४० × १५ = ६०० एकक. पाठीचे स्नायू पूर्ण ढिले सोडले आणि हात खुब्याच्या ५० सेंटिमीटर पुढे टेकलेले असले, तर दोन्ही तळहातांवर मिळून ६०० ÷ ५० = १२ किलोग्रॅम भार येईल. प्रत्यक्षात हे ओझे हात आणि पाठ वाटून घेतात. म्हणूनच दोन्ही दुखतात! तळहाताच्या कडेजवळून जाणारी मज्जातंतू फार वेळ दाबली गेली, की नेमक्या त्या दोन बोटांना मुंग्या येतात.

आता कल २० अंशांवर आणू. गुरुत्वमध्य जेमतेम १० सेंटिमीटर पुढे राहतो आणि परिबल ४०० होते. एक तृतीयांश ओझे कमी! यासाठी हँडल किती सरकवावे? खुब्यापासून खांदा ५० सेंटिमीटरवर धरून कागदावर आकृती काढा. खांदा सुमारे ८ सेंटिमीटर मागे आणि ४ सेंटिमीटर वर गेलेला दिसेल. हँडलची मूठही तेवढीच मागे आणि वर यायला हवी.

मग अगदी ताठच का बसू नये? कारण खड्ड्याचा हादरा तेव्हा बैठकीतून थेट कण्यात शिरतो. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटरने गेलो, तर छातीवर चौपट जोर येतो आणि हँडल घट्ट धरून राहावे लागते. आणखी एक गोष्ट. चालक मागे सरकला की पुढच्या चाकावरचा भार घटतो. त्यात मागे दुधाचे कॅन असले, तर पुढचे चाक हलके पडते.

रुंदीचेही असेच आहे. मूठ मध्य अक्षापासून ३५ ऐवजी ४२ सेंटिमीटरवर असली, तर वळवायला पूर्वीच्या पाच षष्ठांश बल पुरते. पण हात तितकाच जास्त फिरवावा लागतो. तरफ फुकट काही देत नाही!

भावांनी माझे उत्तर यायची वाट पाहिली नाही. त्यांनी उंच आणि रुंद हँडल आणले, पण केबली जुन्याच ठेवल्या. अंगणात वळण घेताना हँडल पूर्ण फिरले, ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली आणि गाडी आपोआप उसळून गोठ्याच्या भिंतीवर आदळली. गुडघा खरचटण्यावर निभावले. हेच रस्त्यावर घडले असते तर?

म्हणून हँडल निवडताना एवढे पाहावे : पकडीच्या जागी नळीचा व्यास जुन्याइतकाच असावा. मनगट वाकडे न होता मूठ हाती यावी. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे; इंजिनाचा आवाज वाढता कामा नये, क्लच-ब्रेकच्या केबली ताणता कामा नयेत आणि मूठ टाकीला लागता कामा नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनातील बदलांवर बंधने घातली आहेत. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारावे. भावांनी श्रीरामपूरला जाऊन विचारले, मग थोडेसेच उंच आणि मागे वळलेले हँडल जाणकार मेकॅनिककडून बसवून घेतले. मुंग्या थांबल्या.

तुम्ही मोटारसायकलला हात लावायचे कारण नाही; सायकल पुरे. ती उभी करून मित्राला घट्ट धरायला सांगा. हँडलच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर ताणकाटा अडकवा आणि हँडलशी काटकोनात ओढा. चाक वळू लागताच काट्यावरचा आकडा वाचा. मग काटा ३० सेंटिमीटरवर अडकवून पुन्हा ओढा. आकडा किती झाला? आणि का? उत्तर वहीत लिहा.