तंजावरला निघालेल्या भाचीस

लोणी काळभोर,
सप्टेंबरअखेर

चि. सौ. मुक्ता हिस,


तू पाठवलेला प्रवासाचा तक्ता पाहिला. पुणे ते तंजावर तीन दिवसांत, रोज पहाटे चारला निघायचे, दिवसाला सव्वाचारशे किलोमीटर. पेट्रोल पंप, टोलनाके, हॉटेलांची नावे, सगळ्याला वेगवेगळे रंग. एवढे सगळे त्यात आहे, फक्त ओम नाही. अडीच वर्षांचा माणूस दुपारी किती वाजता झोपतो, उठल्यावर किती वेळ रडतो, याला एकही रकाना नाही. थोरल्या सईचेही तेच. हे फोनवर बोललो असतो तर तू "हो मामा, बघते" म्हणून विषय संपवला असतास. म्हणून लिहितो आहे.

माझी सगळी नोकरी इथल्या तेलाच्या डेपोंतून निघणाऱ्या टँकरांचा हिशेब ठेवण्यात गेली. कोणती गाडी कधी सुटली, कुठे पोहोचली, वाटेत का थांबली, हे मी वर्षानुवर्षे लिहीत होतो. त्यामुळे लांबच्या रस्त्याकडे मी ड्रायव्हरांच्या डोळ्यांनी बघतो, आणि तुझा तक्ता आमच्या एकाही जुन्या ड्रायव्हरने मान्य केला नसता.

पहिली गोष्ट म्हणजे दिवाळीत जाऊ नका. आपला पाऊस परत फिरला की तिकडचा सुरू होतो. तमिळनाडूला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात ईशान्येकडून मिळतो, आणि नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की कावेरीच्या खोऱ्यात तो दिवसच्या दिवस कोसळतो. तुम्ही खोलीच्या खिडकीतून बृहदीश्वराचा कळस बघत बसाल आणि मुले पलंगावर उड्या मारतील. संक्रांत घरी करा, मग निघा. तोवर तिकडच्या पोंगलची गर्दीही ओसरलेली असेल. सईची शाळा बुडेल, तर बुडू दे. पहिलीत असे काय शिकवतात जे मागून भरून निघणार नाही?

आता वाट. तू हडपसर, कात्रज करून साताऱ्याच्या रस्त्याला लागणार आहेस. लोणीत मामाचे घर असताना हे कशाला? आदल्या संध्याकाळी इकडे मुक्कामाला या. सकाळी दारातूनच सोलापूर रस्ता धरायचा, पुण्याची गर्दी पाठीमागे राहते. सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, मग बंगळूर, सेलम, तिरुची आणि तंजावर. साडेबाराशेच्या पुढे किलोमीटर होतात, म्हणजे कोल्हापूरवरून जाण्यापेक्षा फारसा फरक नाही, आणि घाट जवळजवळ नाहीत. ओमला गाडी लागते, म्हणून घाट नसणे हाच या वाटेचा मोठा गुण.

पहाटे चारला निघण्याचे वेड आपल्या लोकांना कुठून लागले कोण जाणे. रात्री दोन ते पाच ही चालकाच्या डोळ्यांची सर्वांत वाईट वेळ. आमच्याकडच्या बहुतेक वाईट बातम्या त्याच वेळी यायच्या. त्यात जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. सोलापूर रस्त्याला त्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. कित्येकांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, तो अंधारात जवळ जाईपर्यंत दिसत नाही. ती माणसे हौसेने रात्री हिंडत नाहीत. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोपीत राहतात, मुलेही बरोबर. मुलांना घेऊन लांब जाणारी आपल्या रस्त्यावरची सर्वांत मोठी वर्दळ त्यांचीच आहे, आणि तिच्यात सहल कुठे नाही. सई वाटेत विचारेल की ही मुले शाळेत का नाहीत. तिला खरे उत्तर दे, थाप मारू नकोस. ते असो. तुम्ही उजाडल्यावर, मुलांचे आवरून, पोटात काहीतरी घालून निघा आणि दिवे लागायच्या आत खोलीत असा.

रोज किती जायचे याचे माप मला तुकोबांच्या पालखीने शिकवले. नारायणमहाराजांनी 1685 साली सुरू केलेला हा सोहळा पुण्याहून निघाला की लोणीत उतरतो, दुसऱ्या दिवशी यवत, मग वरवंड. गर्दीत म्हातारी माणसे असतात, कडेवर पोरे असतात, तरी कोणी कावरेबावरे होऊन "कधी पोहोचणार?" विचारत नाही. कारण आजचा मुक्काम कुठे, दुपारचा विसावा कुठे, हे आधीच ठरलेले. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतो, चुली पेटवतो. माणसे येतात तेव्हा जेवण तयार. धनगरांचेही तसेच. पावसाळ्यानंतर फलटणकडचे वाडे, म्हणजे त्यांचे तांडे, कोकणात उतरायला निघतात, तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, कोकरे आणि मधे एखादे पोर बसवलेले असते. बाया बिऱ्हाड घेऊन पुढे जातात, पुरुष मेंढरांमागून. जी चाल कोकराला झेपते तीच सगळ्या वाड्याची चाल.

तुमच्या वाड्यातले कोकरू ओम आहे. त्याला दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडीत बसवायचे नाही, आणि तेही सलग नाही. दर दीड-दोन तासांनी गाडी उभी करा आणि पंधरा मिनिटे त्याला पळू द्या. नुसते काच खाली करून बिस्किट देणे म्हणजे थांबणे नव्हे. त्याच्या दुपारच्या झोपेत सर्वांत लांब टप्पा उरकायचा. या हिशेबाने पहिला मुक्काम सोलापूर, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. वाटेत भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्यात जानेवारीत रोहित पक्षी असतात. होडीत बसाल तर दोघांना अंगाबरोबर बसणारी लाइफ जॅकेट असतील तरच बसा, नाहीतर काठावरूनही ते छान दिसतात. दुसऱ्या दिवशी फक्त विजापूर, शंभर किलोमीटर. हे वाचून आमचे जावई निखिलराव हसतील. पण दोन तासांत पोहोचून उरलेला दिवस मुलांना मिळणे, हीच तर सहल. गोलघुमट सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. मधे एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखालच्या सज्ज्यात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. गर्दी झाली की नुसता कल्लोळ. जिना अरुंद आणि चढ पुष्कळ, ओमला पाठीवर घ्यायची पिशवी न्या.

तिसऱ्या दिवशी होस्पेट. चौथ्या दिवशी गाडीची किल्ली बॅगेत, हंपीतच राहायचे. निघण्यापूर्वी सईच्या हातात पन्नासची नवी नोट दे. तिच्या पाठीवर जो दगडी रथ आहे तो विठ्ठलाच्या देवळापुढे प्रत्यक्ष उभा आहे, तो तिने स्वतः शोधायचा. पंढरपूरची मूर्ती विजयनगरच्या राजाने हंपीला आणली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही परंपरेने आलेली कथा तिला तिथेच सांग. आपल्या दारावरून दरवर्षी पालखी जाताना बघणाऱ्या पोरीला ती बरोबर कळेल. पुढे चित्रदुर्गला मुसळ घेऊन हैदरच्या सैनिकांना किल्ल्याच्या भोकाशी अडवणारी ओबव्वा आहे. तंजावरला पोहोचल्यावर बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली कोरवलेला लांबलचक मराठी शिलालेख दाखव. सईला नुकतीच अक्षरे लागायला लागली आहेत. तमिळ मुलुखात, हजार वर्षांच्या चोळ देवळात तिला ओळखीची अक्षरे सापडली तर कोणताही इतिहास सांगायची गरज उरणार नाही.

या चालीने जायलाच आठ दिवस लागतात. येताना मुले आणि तुम्ही दोघे थकलेले असता, हे लोक हिशेबात धरत नाहीत. परतीला बंगळूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा रस्ता ठेवा, मुक्काम तेवढेच ठेवा, प्रेक्षणीय स्थळे शून्य. म्हणजे एकूण सोळा-सतरा दिवस. एवढी रजा निखिलरावांना मिळाली नाही, तर मुक्काम कापू नका, तंजावर कापा. हंपीहून परत फिरा. माझ्या या पत्रात तू ऐकावीस अशी एकच गोष्ट असेल तर ही, आणि तुझा हट्टी स्वभाव बघता तीच तू ऐकणार नाहीस, याचीही मला कल्पना आहे.

गाडीतल्या बसण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. ओम त्याच्या स्वतःच्या सीटमध्ये, सई उंची वाढवणाऱ्या सीटवर पट्टा लावून, दोघेही मागे. 2019च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या मापाच्या सीटविना नेले तर हजार रुपये दंड आहे, पण दंडाचे सोड. ऐंशीच्या वेगात गाडी धडकली तर बारा किलोचे मूल कोणत्याही आईच्या हातात राहत नाही. पुढे मांडीवर घेतले तर समोरची एअरबॅग त्याच्यावरच आदळते. तो रडेल, पाठ ताठ करेल, तू म्हणशील पाचच मिनिटे घेते. घेऊ नकोस. गाडी थांबव, शांत कर, परत बसव. म्हणून आत्तापासून, तीन महिने आधी, भाजीला जातानाही त्याच सीटवर बसवायची सवय लाव. आणि पाच मिनिटांचे काम असले तरी बंद गाडीत मुलांना ठेवून उतरायचे नाही. उन्हात उभी गाडी आतून भराभर तापते, काच चार बोटे उघडी ठेवून काही होत नाही.

उलटीचे सांगतो. कान म्हणतात हलतो आहोत, डोळे मोबाइलवर खिळलेले असले की म्हणतात बसलो आहोत, आणि मधल्यामधे पोट ढवळते. दोन ते बारा या वयात हे जास्त. म्हणून चालत्या गाडीत मोबाइल नाही, पुस्तकही नाही, नजर बाहेर लांबवर. सकाळी तर्रीची मिसळ खाऊन निघू नका. दशम्या, केळी, राजगिऱ्याचे लाडू बरोबर असू द्या. कर्नाटकात शिरलात की इडली सगळीकडे ताजी मिळते, मुलांना त्याहून चांगले काही नाही. ओआरएसची पाकिटे ठेव. ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. उलटीचे, तापाचे औषध वजनाप्रमाणे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घे, दुकानदाराला विचारून नको. कपड्यांचा एक जोड आणि जुने टॉवेल डिकीत तळाशी नव्हे, तुझ्या पायाशी असले पाहिजेत. ओमचे शीचे भांडेही बरोबर घे. लाज कसली, पंपावरचे संडास बघितलेस की मला दुवा देशील. 1033 हा महामार्गाच्या मदतीचा आणि 112 हा सगळ्याच अडचणींचा नंबर सईलाही पाठ करून टाक.

मोबाइल नाही म्हटल्यावर सईचे काय, हा तुझा पुढचा प्रश्न. थोडी कंटाळू दे तिला. पण एक काम देतो. तिने नद्या मोजायच्या. लोणीच्या मागून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, म्हणजे भिगवणचे पाणी ओळखीचेच. सोलापूर-विजापूर रस्त्यावर भीमा ओलांडली की कर्नाटक सुरू. मग आलमट्टीपाशी कृष्णा, जी तिने वाईला पाहिली आहे. होस्पेटला तुंगभद्रा. भीमा आणि तुंगभद्रा दोन्ही पुढे कृष्णेलाच मिळतात, हे नकाशावर बोट ठेवून तिला शोधू दे. शेवटी तिरुचीला कावेरी, तिचा मात्र या कुटुंबाशी संबंध नाही. प्रत्येक पुलाआधी चालवणाऱ्याने वेग कमी करायचा आणि सईने पुढच्या थांब्याला वहीत नाव लिहायचे.

तुम्हा दोघांपैकी जो चालवेल त्याने फक्त चालवायचे. मुले, नकाशा, खाणे, फोन हे सगळे दुसऱ्याकडे, आणि दर थांब्याला अदलाबदल. तूही उत्तम चालवतेस, सगळा भार निखिलरावांवर टाकू नकोस. रस्ता चुकला तर गाडी थांबवून काय ते भांडा. चालत्या गाडीतल्या भांडणातून मुलांना उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही.

आणि ताईला घेऊन जा. तुझी आई म्हणून नव्हे, कामाचे माणूस म्हणून सांगतो. ओम तिच्या मांडीशेजारी असला की निम्मा रडतो. शिवाय भानुदासांची गोष्ट तिला माझ्यापेक्षा चांगली येते. गुडघ्यांची तक्रार ती सांगेल, पण गोलघुमटाखाली सावलीत बसायला गुडघे लागत नाहीत. मी तिला अजून काही बोललेलो नाही. तू विचार, म्हणजे तिला बरे वाटेल.

मामी गूळपोळ्या करून ठेवणार आहे, डबे तुमचेच आणा. येण्याआधी टायर बदलायचे असतील तर बदलून घ्या, ऐनवेळी नको. स्टेपनीतली हवा मी इथे आमच्या पंपावर तपासून देईन, ती कोणीच बघत नाही.

निखिलरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा