होमगार्ड, टेरिटोरियल आर्मी आणि आपलं वय



होमगार्डची किंवा सैन्यभरतीची जाहिरात निघाली की तिचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर येतो. मग पुढच्या बैठकीत बचत-वसुली राहते बाजूला आणि चर्चा सुरू होते वर्दीची. "घर, शेती सांभाळून जमतं म्हणे." "तीन वर्षं केलं की पोलिसात घेतात म्हणे." कुणी मैदानाच्या तयारीसाठी अकॅडमीची फी भरायची म्हणून अंतर्गत कर्जाचंही विचारतं. कर्ज मागण्याआधी या "म्हणे"मधलं खरं किती, ते या अंकात नीट समजून घेऊ.

वर्दीतलं अर्धवेळ काम म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी: टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, आणि होमगार्ड. अग्निवीर यात धरू नका. ते चार वर्षांचं पूर्णवेळ काम आहे.

टेरिटोरियल आर्मी

ही खरी सेना आहे. 1949 मध्ये ती सुरू झाली. नोकरी-धंदा करणाऱ्या माणसानं वर्षातले काही दिवस प्रशिक्षण घ्यायचं, गरज पडली तर सरकार बोलावेल तेव्हा हजर व्हायचं, आणि एरवी आपलं काम करायचं, अशी ही रचना आहे. बोलावलेल्या काळात पगार आणि भत्ते नेहमीच्या सैन्याप्रमाणे मिळतात. वयाची अट 18 ते 42. धोनीला या गणवेशात तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, पण त्याचं पद मानद आहे. तो रस्ता आपल्यासाठी नाही!

बायकांसाठी इथे अधिकारी पदाचा मार्ग आहे. पदवी हवी, आणि स्वतःची कमाई हवी, मग ती नोकरीची असो की व्यवसायाची. लेखी परीक्षा, मुलाखत आणि सैन्याची निवड चाचणी पार केली की लेफ्टनंट पदानं सुरुवात होते. पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूळ प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिने डेहराडूनला. बढतीचं पाहिलं तर लेफ्टनंट कर्नलपर्यंत ठरावीक सेवा आणि अटी पूर्ण केल्या की पद मिळतं. त्यावर कर्नल आणि ब्रिगेडियर निवडीनं. ऐकायला फार छान वाटतं. पण 2025 च्या जाहिरातीत देशभरासाठी 19 जागा होत्या, आणि त्यातली महिलांसाठी एक. तुमची लेक पदवीधर असेल, कमावती असेल तर तिनं जरूर अर्ज करावा. त्यासाठी हातातली नोकरी मात्र सोडू नये, कारण कमाई असणं हीच इथली अट आहे. शिवाय जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं की हे पूर्णवेळ करिअर नाही.

घरातल्या पुरुषांसाठी शिपाई पदाची भरती असते. कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली अशी बटालियन आहे. तिथे जनरल ड्युटी, कारकून, स्वयंपाकी, शिंपी असे प्रकार असतात. कुठला भरायचा हे बरेच जण रांगेत उभं राहून ठरवतात. बाहेर आल्यावर काय उपयोगी पडेल, हे घरीच बोलून ठेवलेलं बरं. छत्रपती संभाजीनगरची पर्यावरण बटालियन झाडं लावते, पण तिथे माजी सैनिकांना घेतात.

होमगार्ड : आधी वय मोजा

आपल्यातल्या बहुतेकींसाठी खरी वाट ही आहे. होमगार्ड म्हणजे लष्कर नव्हे. पोलिसांच्या मदतीला असलेलं ते स्वयंसेवकांचं दल आहे. 1946 च्या डिसेंबरमध्ये मुंबईत त्याची सुरुवात झाली, आणि ब्रीद आहे "निष्काम सेवा". गणपती, नवरात्र, आषाढी वारी, निवडणूक अशा बंदोबस्ताला आपण यांना पाहतो. महिलांसाठी वय 20 ते 50, शिक्षण दहावी पास, उंची 150 सेंटीमीटर. मैदानावर 800 मीटर धावणं आणि 4 किलोचा गोळा फेकणं. जिल्ह्याचे अपर पोलीस अधीक्षक बहुधा जिल्हा समादेशक म्हणून काम पाहतात.

आता पैशाचं. ऑक्टोबर 2024 पासून रोजचा कर्तव्य भत्ता 1083 रुपये झाला, आधी तो 570 होता. वाढ चांगली आहे, नाकारायचं कारण नाही. पण हा भत्ता ड्युटी लागेल त्या दिवसांचा असतो. एखाद्या महिन्यात दहा दिवस लागले तर 10,830 रुपये, आणि एखाद्या महिन्यात काहीच नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: गटाच्या कर्जाचा हप्ता होमगार्डच्या भत्त्यावर बांधू नका. हप्ता शेळीवर, शिलाईवर, दुधावर बांधा. भत्ता आला की बचतीत टाका.

"तीन वर्षांनी पोलिसात घेतात" हे अर्धंच खरं आहे. तीन वर्षं सेवा झालेल्या होमगार्डना पोलीस, वन विभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत 5 टक्के जागा राखीव असतात. जागा राखीव म्हणजे नोकरी पक्की नव्हे. मैदान आणि लेखी परीक्षा सगळ्यांसारखीच द्यावी लागते, आणि पोलीस शिपाई पदाला बारावी लागते.

त्याहून मोठी मेख वयाची आहे. होमगार्डमध्ये 50 पर्यंत घेतात, पण पोलीस शिपाई भरतीत खुल्या गटाला 28 आणि मागास प्रवर्गाला 33 ही वरची मर्यादा आहे. हिशेब करा. समजा एक ताई 22 वर्षांची आहे, बारावी झालेली. तिची तीन वर्षं 25 ला पूर्ण होतील. तिच्यासाठी हा रस्ता उघडा आहे. दुसरी ताई 34 वर्षांची, दहावी झालेली. ती 37 ला तीन वर्षं पूर्ण करेल तेव्हा पोलीस भरतीचं दार बंद झालेलं असेल. दोघींची वर्दी एक, भत्ता एक, पुढचं मात्र एक नाही. खुल्या गटातल्या मुलीनं फार तर 25 च्या आत आणि मागास प्रवर्गातल्या मुलीनं 30 च्या आत होमगार्डमध्ये शिरलं तरच ते 5 टक्के पोलीस भरतीत कामी येतात. त्यातही भरती आपल्या सोयीनं निघत नाही, म्हणून एक-दोन वर्षं हाताशी ठेवा.

मग 34 च्या ताईनं जाऊ नये का? जावं की! पण कशासाठी जातोय ते ठरवून जावं. तिथे प्रथमोपचार, अग्निशमन आणि विमोचन, म्हणजे अडकलेल्या माणसाला सोडवणं, हे फुकट शिकवतात. गावात साप चावतो, विहिरीत माणूस पडतो, गोठा पेटतो. तेव्हा काय करायचं हे माहीत असलेली एक बाई गावात असणं याला मी तरी फार मोल देते. आणि बंदोबस्तात उभी राहिलेली बाई ग्रामसभेतही उभी राहून बोलते, हे मी पाहिलंय.

बढतीचंही विचारून घ्या. पथकात पलटण नायक, समादेशक अशी वरची पदं आहेत, पण ती मानसेवी आहेत. मान वाढतो, जबाबदारी वाढते. सरकारी नोकरीतल्यासारखी पगारश्रेणी त्यामागे नसते.

हातात काय उरेल

भरतीत तांत्रिक अर्हतेचे वेगळे गुण असतात. आयटीआय प्रमाणपत्र, एनसीसीचं बी किंवा सी प्रमाणपत्र, जड वाहनाचा परवाना, जिल्हा पातळीवरचं खेळाचं पदक, यांचे ते गुण. गंमत अशी की यातल्या आयटीआय आणि परवान्यावर वर्दी नसली तरी पोट भरतं. होमगार्डमध्ये निवड झाली नाही तरी इलेक्ट्रिशियनचं काम मिळतं, गाडी चालवता येते. म्हणून अकॅडमीच्या फीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईला मी आधी विचारेन: तेवढ्या पैशात परवाना निघतो का? धावायला आणि गोळा फेकायला गावचं मैदान पुरतं. "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नका.

अग्निशमन दलाचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावं की तिथल्या भरतीत बहुधा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम मागतात. होमगार्डमधलं प्रशिक्षण त्याची जागा घेत नाही.

लेक अजून शाळा-कॉलेजात असेल तर तिला एनसीसीत घाला. सी प्रमाणपत्र आणि पदवी असलेल्या मुलींना सैन्यात अधिकारी होण्यासाठी एक खास प्रवेश आहे, त्यात यूपीएससीची लेखी परीक्षा नसते, थेट निवड मंडळासमोर जाता येतं. जागा थोड्याच असतात.

शेवटी कागद. जाहिरात आल्यावर मुदत थोडी असते, आणि लग्न झालेल्या बायकांचं गाडं इथेच अडतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. नाव जुळत नसेल तर विवाह नोंदणी दाखला काढून ठेवा, आणि पूर्ण नाव बदललं असेल तर राजपत्रात नोंद करा. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी पुरावा आणि मागास प्रवर्गातल्या असाल तर जातीचा दाखलाही त्याच पिशवीत ठेवा. होमगार्डसाठी आपण राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करावा लागतो, त्यामुळे आधारवर अजून माहेरचाच पत्ता असेल तर तो सर्वांत आधी बदलून घ्या.